गावच्या देवळातला तरुणांचा गायनवृंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (देऊळ म्हणजे इथे गावचं चर्च) तरुणांचं गायन बसवणाऱ्या ताई-दादांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना जालना, बीड, परभणीकडची खेडी डोळ्यांसमोर आहेत. शहरातल्या मोठ्या चर्चकडे पियानो असतो, माईक असतात, नोटेशन वाचणारी माणसं असतात. आपल्याकडे एक पेटी, एक ढोलकी आणि शनिवारी संध्याकाळी येतील तेवढी पोरं. तेवढंच गृहीत धरलं आहे.

मी गाणं शिकलेलो नाही. मी हे काम घेऊ का?

घ्या. राग ओळखता येण्यापेक्षा आठ जणांत कोणाचा सूर उतरला हे कानाला कळणं जास्त महत्त्वाचं. ते कळत असेल आणि तुम्ही स्वतः लय धरून टाळी देऊ शकत असाल, तर बाकीचं जमतं. पेटी वाजवता येत नसेल तर वाजवणारा वेगळा शोधा. खरं तर ते बरंच पडतं, कारण पेटीमागे बसलेल्या माणसाला पोरांची तोंडं दिसत नाहीत. एक अट मात्र पाळा: जे गीत शिकवायचं ते तुमचं पाठ हवं. पुस्तकात डोकं घालून शिकवणाऱ्याकडे पोरं बघत नाहीत.

आवाजाची परीक्षा घ्यायची का? कितीजण असले म्हणजे पुरे?

परीक्षा नको. पाच जणांत काम सुरू होतं. मात्र प्रत्येकाला एकदा एकट्याला ऐका, पेटीजवळ बसवून, दार उघडं ठेवून, इतरांसमोर नाही.

"हा बेसूर आहे" असं आपण फार लवकर म्हणतो. बहुतेक वेळा पोराचा गळा ठीक असतो, त्याला ऐकून जुळवायची सवय नसते. करून बघा. त्याला सोयीचा कुठलाही एक सूर 'आ'कारात लावायला सांगा. पेटीवर तुमचा सूर देऊन त्याला तिकडे ओढू नका, त्याचाच सूर पेटीवर शोधून वाजवा. आपला आवाज पेटीशी मिळाला की कसं वाटतं, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. मग एक पट्टी वर, एक पट्टी खाली असं हळूहळू चालवा. महिनाभर सरावाआधी पाच मिनिटं एवढं केलं तर बरीच 'बेसूर' पोरं रांगेत येतात. जी येत नाहीत त्यांनाही ठेवा, फक्त पक्क्या गळ्याच्या शेजारी उभं करा.

सराव कोणत्या दिवशी, किती वेळ?

ह्याचं उत्तर गावाच्या कामधंद्यावर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, त्याला लागून कापसाची वेचणी. त्या दिवसांत संध्याकाळी सातच्या आत कोणी मोकळं नसतं, आणि आलेल्या मुलीचे हात बोंडांनी ओरबाडलेले असतात. तेव्हा आठवड्याला एकच सराव ठेवा, पाऊण तासाचा. रविवारी उपासनेनंतर लगेच घेतला तर उत्तम, कारण सगळे आलेलेच असतात. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावीच्या परीक्षा. त्या पोरांना सरळ सुट्टी द्या. "प्रभूचं काम आहे" म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलावणारा लीडर पुढच्या वर्षी चार घरांतून पोरं गमावतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या देवळात दुपारी बसवत नाही. सकाळी सातला घ्या, नाहीतर ऊन उतरल्यावर अंगणात.

खरा मोकळा काळ म्हणजे जून-जुलै. पेरणी उरकली की दोन-तीन आठवडे हाताला उसंत असते. नवीन गीतं तेव्हा बसवा. नाताळची गाणी जुलैत शिकायला पोरं हसतात, हसू द्या.

आमची अर्धी पोरं ऊसतोडीला जातात. नाताळात गायनवृंदच उरत नाही. काय करावं?

बीडकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप थांबेपर्यंत), म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. आईबापाबरोबर पोरंही जातात. गावात राहतात आजी-आजोबा, त्यांच्याकडे ठेवलेली शाळेतली लेकरं आणि ज्यांना उचल (तोडीसाठीचे आगाऊ पैसे) घ्यावी लागली नाही अशी दोन-चार घरं.

ह्यावर दोन गोष्टी करता येतात. पहिली, नाताळचं गायन मागे राहिलेल्यांचंच आहे असं धरून बसवा. संडेस्कूलची लेकरं, कॉलेजची दोन-तीन मुलं आणि तीन आज्या असा वृंद कुठल्या पुस्तकात नसेल, पण आज्यांना जुन्या चाली पाठ असतात आणि लेकरांचा आवाज देवळाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो. त्याला 'तरुणांचा' म्हणायचं की नाही, ह्यावर पंचकमिटीत (मंडळीच्या कारभारी समितीत) वाद घालू नका.

दुसरी गोष्ट, परतणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवा. ईस्टर 2027 मध्ये 28 मार्चला आहे, म्हणजे हंगाम लांबला तर काहीजण तेव्हाही फडावरच असतील. 2026 सारखा 5 एप्रिलला आला तर निम्मे तरी पोचतात. म्हणून ईस्टरला नवीन काही न घेता सगळ्यांना येतं असं गीत ठेवा, आणि जाण्याआधी सप्टेंबरातच ते एकदा म्हणून घ्या. फोनवर रेकॉर्डिंग पाठवा. कोपीवर (फडावरच्या झोपडीत) रात्री भाकरी झाल्यावर पोरं ते लावतात, दुसऱ्या मंडळ्यांची पोरंही ऐकतात. आल्या आल्या त्यांना पुढच्या रांगेत उभं करा. "तुझा सराव झाला नाही, ह्या वेळी बसून घे" हे वाक्य सहा महिने कोयता चालवून आलेल्याला कोणी म्हणू नये.

पट्टी कोणती धरावी? मुलींना खाली पडते, मुलांना वर जाते.

गीताचं नाव सांगून "ह्याची पट्टी काय?" असं लोक विचारतात. ते उलटं आहे. आधी गीताचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा, मग पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, ठरवा. खाली 'पांढरी सहा', 'काळी पाच' असं म्हटलं आहे तिथे सप्तकाच्या सुरुवातीपासून पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजा.

न शिकलेल्या मुलींचे गळे साधारण पेटीच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी सहापासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत आरामात चालतात. ज्यांचा आवाज उतरला आहे अशी मुलं आपोआप त्याच्या एक सप्तक खाली गातात, त्यांची सीमाही जवळपास तीच. ह्या दोन टोकांत गीत बसवायचं. गीत मंद्र पंचमापासून (खालच्या प पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सा पर्यंत) जात असेल तर पांढरी दोनला सा धरा: खाली बरोबर पांढरी सहा लागते, वर पांढरी दोन. गीत मध्य सा पासून सुरू होऊन तार शुद्ध गंधारापर्यंत (वरच्या ग पर्यंत) चढत असेल तर काळी पाचला सा धरा, वरचं टोक पुन्हा पांढरी दोनवरच येतं. एकट्या पुरुषाने काळी एकमध्ये आणि एकट्या बाईने काळी चारमध्ये गायलेलं रेकॉर्डिंग ऐकून तीच पट्टी सगळ्यांवर लादली की अर्धा वृंद ओरडतो आणि अर्धा पुटपुटतो.

आणि एक. उपासना सकाळी असेल तर गळे जड असतात. शनिवारी संध्याकाळी जिथे सहज लागलं तिथे रविवारी सकाळी लागत नाही. मग अर्धी पट्टी उतरवा, लाजू नका.

मुलाचा आवाज फुटला आहे. त्याला काही महिने घरी बसवावं का?

नाही. बारा ते पंधराच्या दरम्यान कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मधल्या काळात मधेच चिरकतो. त्याला जोर लावून जुन्या उंचीवर गायला लावू नका, आणि हसणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. चार-पाच सुरांतलं सोपं काम द्या, टाळ द्या, ढोलकीजवळ बसवा. ह्याच वयात एकदा घरी पाठवलेला मुलगा परत येत नाही. पुढे देवळातही येत नाही, आला तर दारात उभा राहतो.

नवीन गीत शिकवायची पद्धत काय?

आमच्याकडे पोरांना नोटेशन येत नाही आणि सगळ्यांकडे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तकही नसतं. तोंडी शिकवणं हाच मार्ग, आणि तो काही कमी दर्जाचा नाही. भजनी मंडळं पिढ्यान् पिढ्या तसंच शिकत आली.

आधी शब्द. चाल न लावता, टाळीवर, बोलल्यासारखे. कठीण शब्दाचा अर्थ इथेच सांगा, नंतर राहून जातो. मग ध्रुवपद, एकेक ओळ: तुम्ही म्हणा, ते म्हणतील. पेटी अजून बंद. पेटी वाजायला लागली की पोरं तुमच्याऐवजी पेटीच्या मागे जातात आणि हरकती, मींड, ओळीच्या शेवटचा ठेहराव सगळं सपाट होतं. दोन ओळी बसल्या की जोडून घ्या.

चूक बहुतेक दोन ठिकाणी होते. ओळ संपताना सूर उतरतो, कारण श्वास संपलेला असतो. आणि श्वास नको तिथे घेतला जातो: "तुझी" म्हणून पोरं दम घेतात आणि मग "कृपा" म्हणतात. झेरॉक्सवर श्वासाच्या जागी पेन्सिलने टिकली काढायला लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हात वर करून दाखवा. एवढ्याने निम्मं गाणं सुधारतं. तोंड न उघडणं हा तिसरा रोग, विशेषतः मुलींचा, कारण मोठ्याने गाऊ नये असं त्यांना घरी सांगितलेलं असतं. त्यांना बाहेर नेऊन रस्त्यापलीकडे उभं राहून गायला लावलं की आवाज निघतो.

पहिल्या दिवशी ध्रुवपद आणि एक कडवं, बस. दुसऱ्या सरावाला आधी विचारा, "कोणाला आठवतंय?" आठवणारी एक तरी असतेच. पुढचं तिला शिकवू द्या.

पुस्तकात 'चाल' लिहिलेली असते, पण ती चाल आता कोणालाच येत नाही.

येते. महिला संघातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. गाव बदललं की चाल थोडी बदलते, त्यामुळे शेजारच्या मंडळीशी ती जुळली नाही तरी काळजी नको. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आजच.

चार आवाजांत गाता येईल का?

सोप्रानो, आल्टो (मुलींचे वरचा आणि खालचा आवाज), टेनर, बास (मुलांचे तसेच दोन) असा थाट चारही आवाज टिकले तरच ऐकायला बरा वाटतो, आणि प्रत्येक आवाजाला किमान दोन पक्के गळे लागतात. आठ-दहा पोरांच्या वृंदात एक आजारी पडला की इमारत कोसळते. माझं मत सांगतो: आधी सगळे मिळून एका सुरात नीट गा. ते वाटतं तितकं सोपं नाही. ते जमलं की मुलांना फक्त सा आणि पंचम धरायला सांगा आणि मुलींना चाल गाऊ द्या. नंतर एखाद्या सोप्या गीतात दुसरा गट एक ओळ उशिरा सुरू होईल असं बसवा. ह्यातून दुसऱ्याचं ऐकत आपलं टिकवायची सवय लागते. तिथून पुढे दुसरा आवाज. वर्ष लागलं तरी लागू द्या.

पेटी-ढोलकी जुनाट वाटते असं पोरं म्हणतात. कीबोर्ड आणि ट्रॅक (रेकॉर्ड केलेली साथ) लावावा का?

कीबोर्ड असेल तर वापरा. पट्टी बदलायचं बटण फार कामाचं. ट्रॅकला माझा विरोध आहे. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मंडळीतल्या काकांनी कडवं उशिरा उचललं तर ढोलकीवाला सावरून घेतो, ट्रॅक पुढे निघून जातो. शिवाय ऐन उपासनेत लाइट गेली की सगळं शांत.

आणि जुनाट म्हणणाऱ्यांनी आजूबाजूला बघावं. एकनाथांचं पैठण, नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड हा आपलाच मुलूख. इथल्या माणसाच्या कानात भजनी ठेका लहानपणापासून असतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले ते ह्याच कानांसाठी. ज्या गीताचा साचा इंग्रजी आहे ते गिटारवर शोभतं, तिथे ढोलकी कशाला मारायची? पण अभंगाला ड्रमसेट लावून त्याचा जीव काढू नये.

गायनवृंद सुरू झाल्यापासून मंडळी गातच नाही. लोक नुसते ऐकतात.

हा सगळ्यात गंभीर प्रश्न, आणि लीडरने स्वतःहून विचारावा असा. तरुण पुढे उभे राहिले, माईक आला, नवीन गाणी आली, आणि ज्या बायका पाठ गीतं डोळे मिटून म्हणायच्या त्या पदर सावरून गप्प बसल्या. असं झालं असेल तर वृंद कितीही सुरेल असो, काहीतरी उलटं चाललंय.

उपासनेतल्या गीतांपैकी वृंदाचं स्वतःचं एकच ठेवा, फार तर दानार्पणाच्या वेळी. बाकीची सगळ्यांची. त्यात वृंदाचं काम सुरुवात स्पष्ट देणं आणि कडव्यांच्या मधे लय न सोडणं एवढंच. पट्टी मंडळीला झेपेल ती. माईक पेटीला नको, गाणाऱ्या एकाच गळ्याला द्या, तोही बेताचा. नवीन गीत थेट रविवारी आणू नका. उपासनेआधी दहा मिनिटं ध्रुवपद सगळ्यांना शिकवा आणि लागोपाठ तीन-चार रविवार तेच घ्या. पोरांना कंटाळा येईल, मंडळीला तेव्हा कुठे येऊ लागेल. शक्य असेल तर वृंदाला समोर स्टेजवर न ठेवता बाजूला, लोकांच्या रांगेतच बसवा. पोरं कुरकुरतात, कारण फोटोत दिसत नाहीत. त्याला इलाज नाही.

नाताळ फेरीला परवानगी लागते का?

नुसत्या गळ्याने, टाळ-ढोलकीवर घरोघरी गाताना शेजाऱ्यांचं भान ठेवलं की पुरतं, तरीही पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. स्पीकर लावायचा तर पोलिसांची लेखी परवानगी हवी. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सरकार सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं; तुमच्या जिल्ह्याच्या यादीत नाताळ आहे का ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात बघा. अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहून गात जायची हौस सगळ्यांना असते. डिसेंबरची थंडी, अंधार आणि उसाच्या ट्रॉल्यांची रहदारी लक्षात घेऊन ती हौस गावाच्या आतच भागवा.

गीतांच्या कॉपीराइटचं काय?

भारतात गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. टिळक 1919 साली वारले, त्यांची गीतं केव्हाच सर्वांची झाली. आजच्या गीतकारांची गाणी प्रत्यक्ष उपासनेत म्हणायला अडचण नाही. 1957 च्या कायद्यात खऱ्या धार्मिक विधीत केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. पण तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ह्या सुटीत बसत नाही. तिथे परवानगी विचारा. गावाकडचे बरेच गीतकार एका फोनवर आनंदाने हो म्हणतात, फक्त नाव लिहा.

मुलींना घरचे पाठवत नाहीत.

घरच्यांचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं. सराव अंधाराआधी संपवा. मुली गटाने येतील-जातील असं बघा, सोबत महिला संघातली एक बाई ठेवा. बाहेरगावी कार्यक्रम असेल तर घरी जाऊन आईला विचारा, फोनवर नाही.

18 वर्षांखालच्या कोणाहीबरोबर बंद खोलीत एकट्याने सराव नको, लीडर कितीही भला असला तरी. रात्रीचे वैयक्तिक मेसेज नकोत. निरोप पालक असलेल्या ग्रुपवर टाका. आणि लेकरावर काही वावगं घडल्याचं कानावर आलं तर ते पंचकमिटीत मिटवायचं प्रकरण नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा लेकरांच्या मदतीचा क्रमांक पोरांच्या वहीत लिहून द्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी अचानक यायची थांबली आणि "स्थळ आलंय" असं कळलं, तरी तोच क्रमांक लावायचा.

ख्रिस्ती नसलेले मित्र गायला येतात. चालेल का?

आनंदाने. आईवडिलांना माहीत असू द्या, काही लपवू नका, कोणावर काही लादू नका. आमच्याकडच्या ढोलकीच्या बऱ्याचशा थापा शेजारच्या भजनी मंडळाकडूनच आल्या आहेत.

पाळकसाहेब गीतं रविवारी सकाळी सांगतात. सराव कशाचा करायचा?

भांडू नका, वही घेऊन जा. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्याकडून वचनं आणि विषय लिहून घ्या आणि त्यावर तुम्हीच तीन-तीन गीतं सुचवा. त्यांचंही काम हलकं होतं. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरआधीचे), झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आदला) ही मोठी वळणं वर्षारंभीच ठरवून टाका.

एकसारखे कपडे हवेत का? खर्च कुठून आणायचा?

कपडे नकोत. पांढरा सदरा सगळ्यांकडे नसतो आणि ज्याच्याकडे नाही तो कारण न सांगता गळतो. खर्च खरा तीन गोष्टींचा: झेरॉक्स, ढोलकीची पुडी आणि चहा. सुगीच्या उपकारस्तुतीच्या वेळी मंडळीसमोर सरळ मागा. हिशोबाची वही मात्र दुसऱ्याकडे ठेवा, स्वतःकडे नको.

स्पर्धेत उतरावं का?

वर्षातून एकदा, प्रवास जमला तर. नंबरासाठी गाणाऱ्या वृंदात कच्च्या गळ्याची पोरं हळूच मागे सरकवली जातात, तेवढं बघा.

पेटीचे दोन सूर चिकटलेत आणि भात्यातून हवा जाते. दुरुस्ती गावात होत नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, दोन दिवस कोरड्या हवेत ठेवलं की बऱ्याचदा मोकळ्या होतात. उन्हात मात्र ठेवू नका, लाकूड तडकतं. एकच सूर बसला असेल तर स्वरपट्टीवर कचरा आहे. आतलं झाकण काढून मऊ ब्रशने झाडा, पत्तीला नख लावू नका, सूर कायमचा बिघडतो. भात्याची हवा बहुधा उंदरांमुळे जाते. घडीला भोक असेल तर पातळ चामड्याचा तुकडा डिंकाने चिकटवून तात्पुरतं भागतं. पेटी वापरात नसताना कपड्यात गुंडाळून, डांबरगोळ्या ठेवून, जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा. ढोलकी उन्हाळ्यात चढते आणि पावसात उतरते, तेव्हा उपासनेआधी अर्धा तास ती बाहेर काढून ठेवा आणि पेटीच्या सा शी मिळवून घ्या.